होझिया टॉलिव्हर हरला तो सामना

होझिया टॉलिव्हरचा चेंडू किती जोरात यायचा, असं मला अजूनही कुणीतरी विचारतं. मी डावा हात पुढे करतो. तर्जनी दोनदा मोडलेली, मधलं बोट उजवीकडे कललेलं, करंगळीला नखच नाही. पाच हंगाम मी त्याचा कॅचर होतो. बॅटवाल्याच्या मागे उकिडवं बसायचं आणि होझिया टाकेल ते झेलायचं, एवढंच माझं काम. वेग मोजायचं यंत्र तेव्हा आमच्याकडे नव्हतं. माझी बोटं होती.

मी लेम्युएल ग्रेडी. अलाबामातल्या हार्लन क्रीकला पाइपच्या कारखान्यात माझी एकेचाळीस वर्षं गेली. भट्टीपाशी आम्ही काळी माणसं, कचेरीत गोरी. कारखान्याचे बेसबॉलचे संघही दोन होते, पण मैदान एकच. शनिवार त्यांचा, गुरुवार आमचा. गुरुवारी गर्दी जास्त व्हायची, कारण आम्ही चांगलं खेळायचो, आणि हे गोऱ्यांनाही माहीत होतं. तेही यायचे. त्यांच्यासाठी छपराखालची बाकं होती. आमच्या लोकांसाठी मैदानाच्या डाव्या अंगाला, उघड्यावर, मनगटाएवढी जाड दोरी बांधलेली असायची. त्या दोरीमागे उभं राहून सामना बघायचा. तिकीट दोघांनाही सारखंच.

होझिया आला तो १९३२च्या वसंतात, एकोणीस वर्षांचा. सोबत त्याची आई, मिस झिपोरा. आमच्याकडे वडीलधाऱ्या बायकांना मानानं 'मिस'च म्हणतात. कापसाच्या मळ्यातलं काम सोडून दोघं एका ट्रकच्या मागे बसून आले होते. मी तेव्हा संघाचं थोडंफार बघायचो, म्हणून मुकादमानं त्याला माझ्याकडे धाडलं.

"काय येतं तुला?" मी विचारलं.

"चेंडू टाकता येतो."

"तो इथं सगळ्यांनाच येतो. भट्टीवर काय करशील?"

"सांगाल ते करीन. पण गुरुवारी चेंडू टाकीन."

मी त्याला मैदानावर नेलं. पहिले दोन चेंडू झेलले. तिसरा मला दिसलाच नाही, नुसता ऐकू आला. चौथ्याला माझी तर्जनी गेली. मिस झिपोरा कुंपणापाशी कपड्यांचं गाठोडं घेऊन उभी होती.

"जरा हळू टाक म्हणून सांगू का त्याला?" तिनं विचारलं.

"नको, मिस झिपोरा. ठीक चाललंय."

"मग तोंड का वाकडं करतोयस?"

त्याच्या एका चेंडूला आमच्या गल्लीनं 'सोमवार' असं नाव ठेवलं होतं. येणार हे माहीत असतं, कुणालाच नको असतो, आणि तरी येतोच. त्या चेंडूवर मी चांगली चांगली माणसं गुडघ्यावर आलेली पाहिली आहेत. एकदा त्यानं एका दुपारी एकोणीस जणांना बाद केलं, एकाचीही बॅट चेंडूला धड लागली नाही. पंच शेवटी शेवटी ओरडायचाही कंटाळला, नुसता हात वर करायचा.

माणूस मात्र हसरा नव्हता. त्या काळात आमचे पुष्कळ संघ गावोगाव फिरायचे आणि गोऱ्या प्रेक्षकांना हसवायला विदूषकी करायचे. उलट्या टोप्या, खोटं पडणं, असले प्रकार. एकदा असाच एक ठेकेदार आमच्याकडे आला. होझियाला म्हणाला, "एक डाव खुर्चीत बसून टाक. लोक पोट धरून हसतील."

होझिया म्हणाला, "खुर्चीत मी जेवायला बसतो."

"अरे, गंमत असते."

"मग तुम्ही बसा खुर्चीत. मी उभ्यानं टाकतो. बघू कोण हसतंय."

ठेकेदार पुन्हा आला नाही.

१९३६च्या ऑगस्टमध्ये उकाडा असा होता की भट्टीवरची माणसं बाहेर येऊन म्हणायची, आतच बरं होतं. अशा एका गुरुवारी मिस झिपोरा दोरीमागे अडीच तास उभी होती. तेव्हा ती साठीच्या घरात होती, पाय सुजायचे. सातव्या डावात तिला भोवळ आल्यासारखं झालं म्हणून ती दोरीखालून वाकून निघाली आणि छपराच्या कडेला, जिथं नुसती सावली पडते, तिथं जमिनीवर टेकली. बाकावर नाही, जमिनीवर. राखणदार आला आणि त्यानं बुटाच्या टोकानं तिला मागं जायची खूण केली. ती उठली, कपडे झटकले, परत दोरीमागे गेली.

होझियानं हे मैदानाच्या मधोमध, चेंडू टाकायच्या उंचवट्यावरून पाहिलं. पिचरला तिथून सगळं दिसतं.

संध्याकाळी आम्ही त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. तो आईला म्हणाला, "पुढच्या वेळी तू सावलीत बसशील."

"गप रे. मला उन्हाची सवय आहे."

"मला नाही ना."

"मग टोपी घाल," मिस झिपोरा म्हणाली आणि वाटाणे सोलत राहिली. मला वाटलं विषय संपला.

सप्टेंबरातल्या पहिल्या सोमवारी, आमच्याकडच्या कामगार दिनाला, शिकागोचा नावाजलेला संघ आमच्याशी खेळायला आला. त्यांच्याकडे क्लेटस मूर होता. त्या काळी त्याच्यासारखा बॅट चालवणारा आमच्या लोकांत दुसरा नव्हता. कारखान्याचे मोठे साहेब मिस्टर ऑग्डेन रस्क यांनी मालकांना बायकामुलांसकट उत्तरेकडून बोलावलं होतं. छपराखाली मलमलीचे झगे, हातपंखे, बर्फ घातलेला चहा. दोरीमागे आमची दोन हजार माणसं तरी असतील, चर्चचे कपडे घालून, घामानं निथळत.

क्लेटस मूर बॅट घेऊन उभा राहिला. पंच म्हणाला, खेळा. कुठला चेंडू टाकायचा ती खूण मी बोटांनी केली आणि हातमोजा पुढे केला. होझियानं चेंडू टाकला नाही.

मला वाटलं खूण समजली नाही. पुन्हा खूण केली. तो चेंडू हातात धरून उभा. मी उठून त्याच्याकडे गेलो.

"काय झालं? खांदा दुखतोय?"

"नाही."

"मग टाक ना."

"दोरी काढली की टाकतो."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"होझिया, लेका, वेडा झालास का तू? आज नको. हे मालक लोक बसलेत."

"म्हणूनच आज."

"मारून टाकतील तुला."

"मारतील कदाचित. तू जाऊन बस, लेम. तुला यात ओढत नाही मी."

"माझ्यासाठी टाक," मी म्हणालो. हात जोडायचेच काय ते बाकी होते. "तीन पोरं आहेत मला."

त्यानं मान हलवली आणि उंचवट्यावर खाली बसला. मांडी घालून, चेंडू मांडीत ठेवून. जणू चर्चच्या सहलीला आलाय.

मग मिस्टर रस्क स्वतः उतरले. चकचकीत बूट घालून गवतातून चालत आले. त्यांच्यामागे दोन राखणदार.

"पोरा, ऊठ."

"दोरी काढा, उठतो."

"कुणी शिकवलं तुला हे?"

"कुणी नाही. माझी आई तिथं उन्हात उभी असते. इथून मला दिसते."

"सामना होऊ दे. मग बोलू आपण."

"सामना झाल्यावर माझं कोण ऐकणार?"

मिस्टर रस्क यांचा आवाज खाली आला. "उद्या तुझं काय होईल, कळतंय का तुला?"

"उद्याचं कळतंय. आज मात्र चेंडू माझ्याकडे आहे."

मिस्टर रस्क माझ्याकडे वळले. "तुमचा दुसरा पिचर कुठाय? त्याला पाठव."

दुसरा पिचर बाकावर बसला होता. त्यानं मिस्टर रस्ककडे पाहिलं, मग वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. बांधलेलीच नाडी. त्याच्या शेजारचाही वाकला. आमचे सगळेच गडी नाड्या बांधायला लागले.

तेव्हा क्लेटस मूरनं बॅट जमिनीवर टेकवली आणि तोही खाली बसला. पंचाला म्हणाला, "आगगाडीत रात्रभर उभा होतो. जरा बसतो, तुमचं ठरेपर्यंत." दोन राखणदार होझियाला उचलायला पुढे झाले, पण मिस्टर रस्कनी त्यांना हातानं थांबवलं. छपराखालून मालकांच्या बायका बघत होत्या.

पाऊण तास असाच गेला. होझियाच्या मानेवर ऊन होतं. त्यानं एकदाही मान फिरवून मागं पाहिलं नाही. शेवटी मालकांच्या बायकांपैकी एकीचा आवाज आला, स्पष्ट, उत्तरेकडच्या उच्चारांचा. "ती दोरी कशासाठी आहे म्हणे?" तिला खरंच माहीत नव्हतं. मिस्टर रस्क यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्यांनी राखणदारांकडे बघून हाताची एक तिरपी खूण केली.

दोरी सुटली. पण जागचं कुणीच हललं नाही. दोन हजार माणसं, दोरी नसलेल्या दोरीमागे उभी. पहिलं पाऊल कोण टाकणार?

मिस झिपोरा निघाली. हातात टोपली, डोक्यावर चर्चची निळी हॅट, सुजलेले पाय हळूहळू टाकत तिनं अख्खं मैदान ओलांडलं. छपराखालच्या सगळ्यात खालच्या बाकावर टोकाला बसली. शेजारचा गोरा माणूस ताडकन उठून लांब गेला. त्याच्या रिकाम्या जागेवर तिनं टोपली ठेवली.

मग सगळे आले. चेंगराचेंगरी नाही, ओरडाआरडा नाही. बाकं संपली तेव्हा पायऱ्यांवर बसले, पायऱ्या संपल्या तेव्हा छपराच्या सावलीत जमिनीवर बसले.

होझिया उठला, पँट झटकली आणि चेंडू टाकला.

आता ऐका. हार्लन क्रीकला आज कुणालाही विचारा, तो सांगेल की त्या दिवशी होझियानं शिकागोवाल्यांना धूळ चारली, सामन्यातले सत्तावीसच्या सत्तावीस गडी ओळीनं बाद केले. मी तिथं होतो, त्याच्या समोर बसलेला. आम्ही हरलो. एवढा वेळ बसून त्याचा खांदा गार पडला होता. पहिल्याच डावात क्लेटस मूरनं त्याला कुंपणापार मारलं, पुढच्यानं आणखी एक धाव काढली. त्यानंतर होझियानं त्यांना काही करू दिलं नाही, पण आमची एकच धाव झाली. दोन-एक.

सामन्यानंतर मिस झिपोरा त्याला म्हणाली, "एवढं सगळं केलंस आणि वर हरलास?"

"हो ना."

"बरं. सावली छान होती पण."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मुकादम त्यांच्या दारात. नोकरी गेली, आणि घर कारखान्याचं म्हणून घरही. दुपारी बारापर्यंत खाली करायचं. मुकादमासोबत शेरीफची दोन माणसं होती, बंदुका घेऊन ओट्यावर बसली. बारानंतर गावात दिसला तर जबाबदारी आमची नाही, असं त्यांनी होझियाला सांगितलं.

आठ वाजता मला कचेरीत बोलावलं. मिस्टर रस्क म्हणाले, "ग्रेडी, तू त्याच्याशी बोलत होतास. काय बोलत होतास?"

"मी त्याला चेंडू टाक म्हणत होतो, साहेब."

"म्हणजे तू त्याच्या बाजूनं नव्हतास."

"नाही, साहेब."

खोटं काही नव्हतं यात. तरी हे बोललेलं अजून आठवतं.

मी घरी आलो. आमचं घर त्यांच्या समोरच. होझिया लोखंडी चूल एकटाच दारातून ओढत होता. ती दोघांनी उचलायची चूल. मी खिडकीच्या पडद्यामागे उभा राहून पाहिलं. गेलो नाही. माझी बायको आयडेला माझ्याकडे एकदा बघून, मक्याच्या भाकऱ्या आणि कोंबडीचं कालवण घेऊन रस्ता ओलांडून गेली, बंदूकवाल्यांच्या मधून. चुलीचं दुसरं टोक तिनं धरलं. त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही.

पुढच्या गुरुवारी दोरी परत बांधलेली होती. मीही खेळलो त्या दिवशी, हे सांगायला हवं. पण दोरीमागे कुणी आलंच नाही. एक माणूस नाही. आमच्या लोकांनी ठरवलं कधी, कुणी, मला माहीत नाही, मला कुणी सांगायला आलं नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. हंगाम संपेपर्यंत आम्ही रिकाम्या गवतापुढे खेळलो. पुढच्या वसंतात मैदान उघडलं तेव्हा दोरी नव्हती, आणि तिकीटवाला विचारल्याशिवाय सांगत होता की दोरी नाही.

होझिया आईला घेऊन मेक्सिकोला गेला. व्हेराक्रूझच्या संघानं घेतला त्याला. पत्रं यायची, पण आयडेलाच्या नावानं. "इथं मी पुढच्या दारानं खाणावळीत जातो आणि सगळ्यांना मिळतं तसलंच वाईट सूप पितो. आईला समुद्र आवडला. इथला कॅचर फार चेंडू सोडतो, लेमला सांगा." आयडेला पत्र मोठ्यानं वाचायची आणि शेवटचं वाक्य दोनदा वाचायची. हिवाळ्यात क्यूबा, उन्हाळ्यात मेक्सिको, अशी अकरा वर्षं गेली. मिस झिपोरा तिकडेच वारली, तिकडेच तिला पुरलं. होझियानं तिथल्याच एल्विरा नावाच्या मुलीशी लग्न केलं.

मग गोऱ्यांच्या मोठ्या संघांनी आमच्या माणसांना घ्यायला सुरुवात केली. होझिया परत आला तेव्हा पस्तीस वर्षांचा होता. १९४९ला तो एका फिरत्या संघाबरोबर मेम्फिसला खेळणार असं कळलं. मी बस पकडून गेलो. तेरा वर्षांत आम्ही समोरासमोर आलो नव्हतो. सामना संपल्यावर तो खांद्याला गरम फडकं लावून बसमध्ये एकटा बसला होता.

मी दारात उभा राहिलो. येताना काय काय बोलायचं ठरवलं होतं, सगळं विसरलो. "त्या दिवशी मी घरी होतो," एवढंच म्हणालो. "पडद्यामागे."

"माहितीय. पडदा हलत होता."

"मी यायला हवं होतं."

"हो. चूल जड होती."

"मला माफ कर, होझिया."

होझिया म्हणाला, "तुला तीन पोरं होती, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी राग आला होता. दहाएक वर्षं होता. मग तू काही आला नाहीस, त्याचा वेगळा राग आला." फडकं उलटं करून त्यानं पुन्हा खांद्यावर दाबलं. "आता आलास ना. बस. आत ये, दारात उभा राहून ऊन घेऊ नकोस."

त्या दिवशी त्यानं मला सांगितलं की आदल्या वर्षी एका मोठ्या संघाचा माणूस त्याला बघायला आला होता. त्यानं पाच डाव पाहिले आणि खूष झाला. म्हणाला, "वय किती सांगायचं? एकोणतीस सांगू. कागदावर कोण बघतंय."

"मग?"

"मी म्हटलं, पस्तीस आहे, पस्तीसच लिही. सहा वर्षं पुसली तर हार्लन क्रीकला बसला होता तो कोण? सतरा वर्षांचं पोर?"

"लिहू द्यायचं होतंस की रे. सगळेच लिहितात."

"सगळ्यांना लिहू दे. मला तिकडे घालवलं ती वर्षं माझीच आहेत, लेम. ती कुणाच्या सोयीसाठी मी सोडत नाही."

त्यांनी त्याला घेतलं नाही. तो क्लीव्हलंडला राहिला, एका शाळेच्या बॉयलरवर नोकरी केली, निवृत्त झाला. वर्तमानपत्रवाले अधूनमधून त्याला शोधत जायचे. किती सामने जिंकलात? पाचशे म्हणतात, खरं का? तो म्हणायचा, "मोजले नाहीत. हरलेले विचारा, ते आठवतात."

१९७३ला हार्लन क्रीकच्या महापौरांचं त्याला पत्र गेलं. ट्रॅव्हिस पील नावाचा तरुण गोरा माणूस, स्वभावानं वाईट नव्हता. मैदानाला होझिया टॉलिव्हर यांचं नाव द्यायचं, पितळी पाटी बसवायची, समारंभ करायचा. होझिया आणि एल्विरा बसनं आले आणि आमच्याकडे उतरले. आयडेलानं दोन दिवस स्वयंपाक केला.

समारंभाला शाळेचा बँड, झेंडे, काळीगोरी माणसं शेजारी शेजारी. महापौरांनी पाटीवरचं कापड ओढलं. टाळ्या झाल्या. होझियानं खिशातून चष्मा काढला, लावला आणि पाटी मोठ्यानं वाचायला लागला. माइक चालू होता.

"'या मैदानावर १९३६ साली होझिया टॉलिव्हर यांनी शिकागोच्या बलाढ्य संघावर संस्मरणीय विजय मिळवला. त्यानंतर ते नशीब आजमावण्यासाठी मेक्सिकोला गेले. हार्लन क्रीकला आपल्या सुपुत्राचा अभिमान आहे.'"

त्यानं चष्मा काढला. "मिस्टर पील, हे कुणी लिहिलं?"

"आमच्या समितीनं, सर. काही चुकलं का?"

"आम्ही हरलो. दोन-एक."

लोक हसले. त्यांना वाटलं म्हातारा विनयानं बोलतोय.

"आणि मी नशीब आजमावायला गेलो नाही. मला सकाळी सातला घालवलं, आईसकट. दोन बंदूकवाले ओट्यावर बसवून. आणि दोरी कुठाय यात? त्या दिवशी झालं काय, ते कुठं लिहिलंय?"

आता कुणी हसत नव्हतं. महापौर माइक हातानं झाकून म्हणाले, "सर, ते जुनं झालं. आज आनंदाचा दिवस आहे. मुलं आलीयत."

"मुलं आलीयत म्हणूनच म्हणतो. वाचतील ना ती."

"आपण नंतर बसून बोलू."

"नंतर बोलू असं मला इथं याआधीही एकदा सांगून झालंय," होझिया म्हणाला. मग गर्दीकडे वळून त्यानं विचारलं, "कुणाकडे स्क्रूड्रायव्हर आहे का?"

बँडसमोरच्या रांगेत कारखान्यातली एक बाई उभी होती, यंत्रांची दुरुस्ती करायची. तिनं पिशवीतून काढून दिला. होझियानं एकेक करून चारही स्क्रू काढले. वेळ लागला, हातांना संधिवात होता. कुणी अडवलं नाही. पाटी काखेत मारून तो निघाला.

महापौर म्हणाले, "सर, ती नगरपालिकेची मालमत्ता आहे."

"मग पोलिसात द्या. दुरुस्त करून आणलीत की ही परत करतो."

पाटी क्लीव्हलंडला गेली. एल्विरा तिच्यावर गरम भांडी ठेवायची.

दोन वर्षं पत्रापत्री चालली. नगरपालिकेचं म्हणणं, पुरावा काय? तेव्हाच्या वर्तमानपत्रात दोनच ओळी होत्या: पाहुणे जिंकले, दोन-एक, सामना उशिरा सुरू झाला. कारण दिलेलं नव्हतं. कारखान्याच्या कागदांत काही नव्हतं. क्लेटस मूर वारला होता. मैदानाच्या मधोमध काय बोलणं झालं, ते ऐकलेला, होझिया सोडला तर, जिवंत माणूस एकच होता, मी.

आयडेला म्हणाली, "जाणार आहेस की पडदा धुऊन देऊ?"

गेलो. एकाहत्तर वर्षांचा होतो. नगरपालिकेच्या सभेत उभा राहिलो, बायबलवर हात ठेवला. दोरी, मिस झिपोरा, मिस्टर रस्क, नाड्या बांधणारे गडी, सगळं सांगितलं. एका सभासदानं विचारलं, "तुम्ही स्वतः तेव्हा काय केलंत, मिस्टर ग्रेडी?" तो मला पकडायला बघत होता.

"मी त्याला चेंडू टाक म्हणून विनवलं," मी म्हणालो. "दुसऱ्या दिवशी साहेबाला सांगितलं की मी त्याच्या बाजूचा नाही. मग घरी जाऊन पडद्यामागे लपलो. हेही लिहून घ्या. मला स्वतःला मोठं करायचं असतं तर मी हे सांगितलं नसतं. म्हणजे बाकीचंही खरंच आहे, असं धरा."

त्यांनी लिहून घेतलं. पाच विरुद्ध चार मतांनी नवीन पाटी मंजूर झाली. मसुदा होझियाकडे गेला तेव्हा त्यात 'गाव सोडण्यास सांगण्यात आले' असं होतं. त्यानं पेन्सिलीनं काट मारून 'हाकलून देण्यात आले' असं लिहून परत पाठवलं. त्यावर आणखी चार महिने गेले. १९७६च्या मे महिन्यात पाटी बसली, पेन्सिलीत होतं तशी. त्यानं येऊन ती वाचली, दोन-एक या आकड्यावर बोट ठेवून एल्विराला दाखवलं आणि मला म्हणाला, "भूक लागलीय. आयडेलानं मासे तळलेत का?"

जानेवारी १९७९मध्ये तो गेला. मी आणि आयडेला क्लीव्हलंडला गेलो. चर्च भरून बाहेर बर्फात माणसं उभी होती, कितीतरी जणांनी त्याला कधी खेळताना पाहिलेलंही नव्हतं. पाद्री तरुण होते. त्यांनी चांगलं सांगितलं, खेळाबद्दल, मेक्सिकोबद्दल, बॉयलरबद्दल. शेवटी शेवटी म्हणाले, "आणि आपल्या या बांधवाच्या मनात कुणाबद्दल कटुता नव्हती. ज्यांनी ज्यांनी त्याला दुखावलं, त्या सगळ्यांना त्यानं माफ केलं होतं."

मी पहिल्या रांगेत होतो. आयडेलानं माझ्याकडे पाहिलं. मी बाकाला धरून उठलो.

"नाही केलं," मी म्हणालो.

पाद्री थांबले.

"मला केलं, कारण मी जाऊन माफी मागितली. बाकीचं कुणी मागायला आलं नाही, आणि त्यानं ती पोस्टानं पाठवली नाही. आज त्याच्या डोक्याशी उभं राहून ती वाटू नका, पाद्रीबाबा. त्याला चाललं नसतं."

एल्विराला इंग्रजी बेताचंच यायचं. तिला एवढं मात्र कळलं. "हो," ती म्हणाली. "नसतं चाललं."

पाद्रींनी हातातला कागद पाहिला, पेन काढलं, एक ओळ खोडली आणि पुढचं वाचायला घेतलं.